पाखरू न उडवता



दसरा झाला, नागपूरची दीक्षाभूमी झाली, चांद्याचा १५-१६ ऑक्टोबरचा सोहळाही आटोपला. रेल्वेच्या गर्दीत दबून-चेपून आपण वडशाला परत आलो, की आमच्या भागात दिवस पालटतात. हलका धान कापणीला येतो. भाऊबीजेपासून सुरू होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक चौकाचौकात लागतात. आणि गावोगावच्या तलावांवर पाहुणे उतरू लागतात.

हे पाहुणे म्हणजे पाखरे. बदके, हंस, तुतवार, चिखल्या. कोणी तिबेट-लडाखकडून येते, कोणी मध्य आशियातून, कोणी पार सैबेरियातून. त्यांना कोणी बोलावलेले नसते आणि त्यांच्यासाठी कोणी गादी घालत नाही. भरलेला तलाव आणि कापलेली बांधी एवढ्यावर ते चार-पाच महिने काढतात आणि फाल्गुनाच्या सुमारास निघून जातात.

या सदरात आपण नेहमी मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपण असे विषय बोलतो. आज पाखरांचे फोटो काढण्याविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्या घरात याचे काय काम? आम्हीही तसेच म्हणत होतो. पण गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याच घरात या विषयावरून जो वाद झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा वडशातच एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्ने, बारसे, वाढदिवस आणि हिवाळ्यात नाटक कंपन्यांच्या फलकांसाठी नटनट्यांचे फोटो, हे त्याचे काम. भाऊ राइस मिलमध्ये पोती उचलतो. मुलाने मालकाकडून एक जुना कॅमेरा आणि तीनशे मिलिमीटरची एक वापरलेली लेन्स घेतली. पैसे पगारातून दर महिन्याला कापून जातात. अशात त्याच्या कानावर आले, की पाणथळीच्या पक्ष्यांच्या फोटोंची एक स्पर्धा आहे आणि पहिले बक्षीस कॅमेऱ्याचे निम्मे कर्ज फेडील एवढे आहे. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मोठेबाबा, रविवारी तलावावर चला ना माझ्यासंगं. तुम्हाला पाखरांची नावं येतात."

नावे आम्हाला येतात ती लहानपणी गुरे राखली म्हणून. पुस्तकातली नावे पुढे शिकलो. आपल्या या भागाला त्या बाबतीत मोठा वारसा आहे. वनखात्यात नोकरी केलेले मारुती चितमपल्ली नवेगावबांधला कित्येक वर्षे राहिले. तिथल्या तलावाची पाखरे, मासे आणि झाडे त्यांनी ढिवर, गोंड अशा रानातल्या माणसांकडून समजून घेतली आणि मराठीत आणली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. वडशाहून गोंदियाच्या गाडीत बसले, की अर्जुनीच्या पुढे देवलगाव स्टेशन लागते. तिथून नवेगावबांध जवळ आहे. तिथले राष्ट्रीय उद्यान १९७५ पासूनचे. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा जावे.

पण आम्ही तिकडे गेलो नाही. सायकलीने तासाभरात पोचता येईल अशा एका मामा तलावावर गेलो. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. का, ते पुढे कळेल.

मामा तलाव म्हणजे कोणा मामाचा तलाव नव्हे, हे मुलांना सांगायला हवे. 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून ते नाव पडले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर कष्टकरी लोकांनी मातीच्या पाळी टाकून पावसाचे पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवला. पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले जातात. मालगुजाराचे नाव तलावाला चिकटून राहिले. डोक्यावर मातीचे टोपले वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आमची आजी तिच्या माहेरच्या तलावाची गोष्ट सांगत असे. तिथे दोन घाट होते. वरच्या अंगाला गावाचा घाट. खाली, जिथे म्हशी बसत, तिथे आपल्या लोकांचा. आजी म्हणायची, "वरच्या घाटावर बगळा बसे, त्याले कोनी हाकलत नव्हतं. मी घागर घेऊन तिकडं गेली, का दगड येत होता." २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आमच्या आजीसारख्या लाखो माणसांसाठी. आज आपला मुलगा कॅमेरा गळ्यात अडकवून कोणत्याही तलावाच्या पाळीवर बसतो आणि त्याला कोणी 'तू कोनाचा?' म्हणून हटकत नाही, यामागे तो दिवस आहे. ही गोष्ट आम्ही पुतण्याला त्या सकाळी सायकल चालवता चालवता सांगितली होती. त्याने ती ऐकली, पण त्याचे मन स्पर्धेत होते.

पहिल्या रविवारी आमच्या हातून सगळ्या चुका झाल्या. पुतण्याने लाल टी-शर्ट घातला होता. आम्ही पाळीवरून उभ्याने चालत गेलो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दोन माणसे डोलत येताना पाखरांना अर्ध्या मैलावरून दिसली असतील. सूर्य समोर होता, त्यामुळे फोटोत सगळी पाखरे काळी ठिपके दिसली. मधल्या पाण्यात बदकांचा मोठा थवा होता. चक्रांग, थापटे, काही तलवार बदके आणि कडेला आपल्या इथल्याच अडयांचा घोळका. सगळे माना पाठीवर टाकून निवांत होते. पुतण्या कंटाळला. म्हणाला, "मोठेबाबा, हे तं झोपलेच आहेत. झोपलेल्या बदकाले कोन बक्षीस देईल?"

आणि आम्ही काही बोलायच्या आत त्याने एक मोठा खडा उचलून पाण्यात भिरकावला.

सगळा थवा एकदम उठला. शेकडो पंखांचा असा आवाज झाला, की आमच्या छातीत धडधडले. वाचकहो, खोटे कशाला बोलावे, ते दृश्य सुंदर होते. उन्हात पंखांच्या हिरव्या चकत्या चमकल्या, पाण्याचे थेंब उडाले, आणि पुतण्याचा कॅमेरा खटाखट चालला. एक फोटो तर असा आला, की स्टुडिओच्या मालकानेही पाठ थोपटली.

तलावात एक म्हातारे ढिवर बाबा डोंग्यात बसून जाळे सोडवत होते. ते काठाला आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबू, पाखरू उठवू नोको. थे रातभर बांधीत चरते, दिवसा पान्यावर आराम करते. लय दूरून आलं हाये. तू उठवलं, आता थे गेलं दुसऱ्या बोडीवर. तिथंबी कोनी उठवलं तं मंग कुठं जाईल?"

पुतण्या म्हणाला, "येतील ना आबाजी परत संध्याकाळी."

"येतील का नाई, आपनच पाह्यजो," असे म्हणून ते डोंगा घेऊन गेले.

त्यांनी सांगितले ते शास्त्रालाही धरून आहे. पुष्कळ जातींची बदके रात्री चरतात आणि दिवसा उघड्या पाण्यावर विश्रांती घेतात. अडया तर संध्याकाळी शीळ घालत तलावावरून उठतात आणि बांधीतला सांडलेला धान टिपायला जातात, हे आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. हजारो किलोमीटर उडताना पाखराच्या अंगातली चरबी जळून जाते. इथे येऊन ती पुन्हा साठवायची, अंगावर नवी पिसे धरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत तेवढेच अंतर कापायचे. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या उंचीवरून जाताना त्याची नोंद झाली आहे. असा प्रवास करून आलेल्या जिवाला दिवसातून चार वेळा घाबरवून उडवणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या खाटेला लाथ मारण्यासारखे आहे. मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्याच्या घरात हे वेगळे समजावून सांगायला नको.

सोमवारी पुतण्या कामावर जाण्याआधी पुन्हा तलावावर गेला. थवा नव्हता. मंगळवारी नव्हता. बुधवारी मधल्या पाण्यावर वारकरी पोहत होते आणि काठाला एक वंचक बसला होता, तेवढेच. शनिवारी काही बदके आली, ती पण पार पलीकडच्या काठाला, जिथे लेन्स पोचत नव्हती. पुतण्या गप्प झाला.

तिकडे स्पर्धेची तारीख जवळ आली. तो उडत्या थव्याचा फोटो पाठवायचा की नाही, यावर घरात वाद सुरू झाला. भाऊ म्हणाला, "दादा, पाखरू मेलं का? नाई मेलं. मंग काय झालं? चार पैसे आले तं कर्ज फिटेल." भावाचे चुकले असे आम्हाला म्हणवत नाही. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाने पैशाचा विचार करू नये, असे सांगणारे आम्ही कोण?

आम्ही पुतण्याला एवढेच म्हटले, "फोटो पाठव. पण फोटोखाली तो कसा काढला, ते खरे लिही. लिही, की झोपलेल्या पाखरांवर खडा मारला आणि हा फोटो काढला. असे लिहिता येत असेल, तर खुशाल पाठव."

तो काही बोलला नाही. त्याची आई चुलीशी बसली होती. ती म्हणाली, "आजीबाईले दगड कोनी मारला होता, आठवते ना रे?"

घरात कोणीच काही बोलले नाही.

त्या रात्री आम्हाला दोन गोष्टी आठवत राहिल्या. एक तर आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते ती सिद्धार्थ आणि देवदत्ताची. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती दिली आहे. देवदत्ताच्या बाणाने पाखरू जखमी होऊन पडले, सिद्धार्थाने त्याला उचलून शुश्रूषा केली. देवदत्त म्हणाला, बाण माझा, पाखरू माझे. निवाडा झाला तो वाचवणाऱ्याच्या बाजूने. ही गोष्ट आपण मुलांना परीक्षेच्या उत्तरासारखी पाठ करायला लावतो. पण हातात कॅमेरा असताना आपण कोणाच्या बाजूला उभे असतो, याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता. बाण न मारतासुद्धा देवदत्त होता येते.

दुसरी गोष्ट आपल्या मुलखातली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी स्तंभावर जी आज्ञा कोरवली, तिच्यात मारू नयेत अशा जिवांची यादी आहे. त्या यादीत पोपट आहे, मैना आहे, हंस आहे आणि चक्रवाकही आहे. चक्रवाक म्हणजे नारिंगी रंगाचे ते मोठे बदक, जे आजही हिवाळ्यात वैनगंगेच्या वाळूवर जोडीने बसलेले दिसते. आणि हे सारे दूर दिल्ली-अलाहाबादकडचेच आहे असे समजू नका. आपल्याच रेल्वेमार्गावर नागभीड आहे. त्या तालुक्यात देवटेक नावाचे लहानसे गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवर जुन्या ब्राह्मी लिपीत एक आज्ञा कोरलेली आहे, की जीव पकडू नये, मारू नये. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा अभ्यास केला आणि ती अशोकाच्या काळातली ठरवली. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी याच धान आणि तलावांच्या मुलखात कोणीतरी दगड उचलला तो पाखरावर मारायला नव्हे, तर पाखराला मारू नका असे कोरायला.

सकाळी आम्ही हे पुतण्याला सांगितले. त्याने ऐकले आणि म्हणाला, "मोठेबाबा, स्पर्धेला अजून आठ दिवस आहेत. उद्या पहाटे चलता का?"

मग आम्ही नीट गेलो. मातकट रंगाचे कपडे घातले. उजेड व्हायच्या सुमारास पोचलो. पाळीवर न चढता पाळीच्या खालून गेलो आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरली. बेशरमच्या झुडपाआड बसलो. तिकाटणे नव्हते, म्हणून पुतण्याने तांदळाच्या छोट्या चुंगडीत वाळू भरून आणली होती. तिच्यावर लेन्स टेकवली आणि पोटावर आडवा झाला. मग फक्त बसून राहिलो.

पहिला अर्धा तास काही नाही. मग एक टिबुकली जवळच बुडी मारून वर आली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा बुडाली. शिंगाड्याच्या वेलांवरून एक कमळपक्षी लांब बोटांनी चालत आला. या कमळपक्ष्यांत नर अंडी उबवतो आणि पिले सांभाळतो. ही माहिती आम्ही पुतण्याला दिली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "हे बाबाले सांगा." मग शेकाट्यांची एक जोडी उथळ पाण्यात उतरली. गुलाबी काडीसारखे पाय, काळे पंख, पांढरे पोट. आम्ही तिथे आहोत हे त्यांना कळले होते, पण आमच्यापासून भय नाही हेही कळले असावे. त्यांतला एक आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर उभा राहून पिसे साफ करू लागला. चोच पिसात, एक पाय वर, खाली पाण्यात तेच चित्र उलटे. पुतण्याने पाच-सहाच फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवून तो नुसता पाहत राहिला.

तोच फोटो त्याने स्पर्धेला पाठवला. खाली लिहिले, "पाखरू उडाले नाही."

बक्षीस मिळाले नाही. पहिले बक्षीस उडत्या थव्याच्या फोटोला मिळाले. तो कसा काढला होता ते आम्हाला माहीत नाही, आणि न बघता कोणावर आळ घेणे बरोबर नाही. भाऊ चार दिवस धुसफुसत होता. कॅमेऱ्याचे पैसे अजूनही पगारातून कापले जातात. पण पुतण्याने ढिवर बाबांचा डोंग्यातला एक फोटो काढला होता, तो मोठा करून त्यांना नेऊन दिला. तेव्हापासून कोणत्या अंगाला काय उतरले, याचा निरोप बाबांकडून आम्हाला येतो. आणि आमचा भाऊ मागच्या महिन्यात पहिल्यांदा आमच्यासोबत तलावावर आला. शेकाट्या पाहून म्हणाला, "हा तं लहानपनी रोज दिसत होता. मी कधी धड पाह्यलाच नाई."

वाचकांपैकी ज्यांच्या मुलांना ही आवड असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर उजेड मऊ असतो. मधल्या उन्हात फोटो काढू नये, पाखरेही आराम करतात. या दिवसांत तलाव काठोकाठ भरलेला असतो, म्हणून चिखलात चरणारी तुतवार, चिखल्या, पाणलावा ही पाखरे पाळीजवळ मिळत नाहीत. तलावाचे जे उथळ टोक शेताकडे पसरलेले असते तिथे, किंवा कापणीआधी पाणी सोडलेल्या बांधीत ती शोधावीत. पाणी ओसरू लागले, की तीच तलावाच्या कडेला येतात.

दुसरी गोष्ट, आल्या आल्या बदकांचे नर रंगीत नसतात. विणीनंतर त्यांची रंगीत पिसे झडलेली असतात आणि ते मादीसारखेच तपकिरी दिसतात. मुलांनी निराश होऊ नये. बऱ्याच जातींना डिसेंबर-जानेवारीपर्यंत रंग चढतो. तेच पाखरू दर पंधरा दिवसांनी पाहिले, तर हा बदल डोळ्यांसमोर होताना दिसतो.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेरा पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा, म्हणजे खाली बसावे किंवा आडवे व्हावे. फोकस डोळ्यावर धरावा. उभ्या पाखराला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाला पुरते, उडत्याला हजाराव्या किंवा त्याहून जलद लागते. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा फोटोत पांढरा गोळा होतो, तिथे एक्सपोजर थोडे कमी करावे. चमकत्या पाण्यावरचा काळा वारकरी नुसता डाग दिसतो, तिथे थोडे वाढवावे. महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. मोबाइलवर तलाव, माणसे, डोंगा आणि दूरचा थवा असा पूर्ण देखावा काढता येतो. नोंदवही तर सर्वांना परवडते. तारीख, जागा, पाखरू, किती होती, काय करत होती, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

चौथी गोष्ट, उडता फोटो हवा असेल तर वाट पाहावी. घार आली, म्हैस पाण्यात शिरली, संध्याकाळची चरायची वेळ झाली, की पाखरे आपणहून उठतात. टाळी वाजवू नये, खडा मारू नये, मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावू नये, घरट्याजवळ जाऊ नये. पाखराने मान ताठ करून आपल्याकडे पाहिले, चरणे थांबवले, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मागे सरावे. चांगल्या जागेचे नाव सगळीकडे पसरवू नये, कारण मागून गर्दी येते. आम्ही तलावाचे नाव का दिले नाही, ते आता कळले असेल. आणि कोणी जाळे लावून रानबदके धरताना दिसले, तर वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट जिवाची. आपल्या वडसा वनविभागात वाघ आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरात इथे जेरबंद झालेल्या सीटी-१ या वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसांचा जीव गेला होता. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळपही जिल्ह्यात फिरतो. जंगलाला लागून असलेल्या तलावावर अंधारात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, गावात विचारल्याशिवाय तर मुळीच जाऊ नये. आडवे पडून फोटो काढायचा तो उघड्या जागी, आणि सोबतच्याने चारी बाजूंना लक्ष ठेवायचे. फोटो उद्याही निघेल.

नाशिककडे गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, म्हणजे जगाने मानलेली पाणथळ जागा. तिथे मनोरे आहेत, पाखरे पाहायला दुरून माणसे येतात. आपल्या मामा तलावांवर मनोरा नाही, फलक नाही. बरेच तलाव गाळाने आणि बेशरमने भरत आले आहेत, काहींच्या पोटात लोकांनी बांध्या काढल्या आहेत. पण पाखरू फलक वाचून उतरत नाही. जिथे पाणी आहे, दाणा आहे आणि भय नाही, तिथे ते उतरते. पहिल्या दोन गोष्टी निसर्ग आणि शेतकरी देतात. तिसरी द्यायला पैसा लागत नाही, ती आपल्याला देता येते.

येत्या रविवारी बुद्धवंदना झाली, की लेकरांना घेऊन जवळच्या तलावावर जा. सोबत भाकर न्या, वही न्या. तासभर गप्प बसा. आपल्या आजी-पणजीला ज्या काठावर उभे राहू दिले गेले नाही, तिथे त्यांना निवांत बसू द्या आणि पाण्यावरच्या पाहुण्यांनाही निवांत बसू द्या. घरी येऊन लेकरांनी काय पाहिले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.

जयभीम.